समजदार बाई

नलू सिस्टर वॉर्डाकडे निघाली की पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक बिड्या विझवत आणि आतले शिपाई उगाचच खिडक्या पुसायला लागत. उंचीनं बेताची, अंगानं भरलेली बाई, पण तिच्या चालण्याचा आवाजच असा होता की न बघता कळे, सिस्टर आली. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिची अर्धी हयात गेली होती. बोरगाव मेघेहून सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. घरी नवरा मधुकरराव, शाळेतून रिटायर झालेले, आणि कॉलेजात जाणारी लेक दिपाली. लहान मुलांचा वॉर्ड नलूकडे आला तेव्हापासून तिथल्या चादरी पांढऱ्या दिसायला लागल्या, हे तिच्यावर खार खाणारेही कबूल करत.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला. आधी तो पुण्यात होता, म्हणजे पेपरात होता. मग नागपुरात आला आणि बघता बघता लोक तोंडाला रुमाल बांधून बाजारात फिरू लागले. पोरांच्या गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या आल्या. शाळा बंद झाल्या. तान्हा पोळा तोंडावर आलेला, पण लाकडी बैल घेऊन पोरांना गर्दीत पाठवायला कुणी धजेना. कुणाला साधं पडसं झालं तरी खाजगी डॉक्टर हात झटकून म्हणायचे, सरकारी दवाखान्यात जा, गोळ्या तिथंच मिळतील.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक जुनी बैठी इमारत होती. पूर्वी तिथं कुटुंबनियोजनाची शिबिरं भरत. ती झाडून-पुसून, चुना मारून तिथं वेगळा वॉर्ड काढला आणि मुलांची बाजू नलूच्या ताब्यात दिली. मुलांचे डॉक्टर म्हणजे स्वप्निल भोयर, वयानं नलूपेक्षा बरेच लहान, कामाला वाघ, पण त्या दिवसांत झोपेविना डोळे लाल झालेले.

"नातेवाईक आत नकोत असं वरून सांगितलंय," ते म्हणाले.

"आणि लेकरं लहान असली तर, सर? आईशिवाय कशी राहतील?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "तेवढी सूट आहे आपल्याला. एखादी समजदार बाई असली, मास्क-गाऊन नीट पाळणारी, तर राहू द्या तिला मुलाजवळ. कोण समजदार ते तुम्हीच ठरवा. माणसं तुम्हाला जास्त कळतात."

नलूला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपल्यावर कुणी भरवसा टाकला की माणसाला बरं वाटतंच. ती सूट म्हणजे किती मोठी गोष्ट तिच्या हातात दिली गेली आहे, हे त्या वेळी तिच्या ध्यानात आलं नाही.

चंचल आली ती एका ओल्या सकाळी, जंगलाकडच्या दवाखान्याच्या गाडीतून. सहा-सात वर्षांची पोर, अंगावर मोठ्या माणसाचा शर्ट गुंडाळलेला, छातीचा भाता जोरजोरात चाललेला. बाप जंगलू मडावी वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जाई. आई रुखमा. बोर धरणाच्या पलीकडे जंगलाच्या कडेला गोंडांची एक टोली, म्हणजे छोटी वस्ती, आहे, तिथली ही माणसं. रुखमाच्या कडेवर पोर होती आणि पोरीनं आईचा पदर मुठीत असा धरला होता की चिंधी झाली असती, पण मूठ सुटली नसती.

"इकडे दे तिला," नलू दारातूनच म्हणाली.

"मी येतो ना आत," रुखमा म्हणाली.

"आत येता येत नाही. साथीचा रोग आहे. तुला लागला तर तुझ्या गावाला लागेल."

"मी कोनाले हात नाई लावत. एका कोन्यात बसून राहीन."

"बाई, ऐकून घे. नियम आहे."

जंगलूनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "देजो व," तो हळूच म्हणाला. "सरकारी नियम हाये." मग नलूकडे वळून, हात जोडल्यासारखे करत, "सिस्टर, एक सांगाचं होतं. पोरगी आजीपाशीच वाढली जी. तिले मराठी येत नाई. आमचीच भाषा बोलते. काई मांगन त तुमाले समजन का?"

"लेकरांचं सगळं समजतं आम्हाला," नलू म्हणाली. रोज शंभरदा म्हणायचं वाक्य असावं तसं ते तिच्या तोंडून गेलं.

तिनं पोरीची बोटं एकेक करून पदरातून सोडवली. पोरगी किंचाळली. दार लागलं.

त्या क्षणी तिनं रुखमाकडे नीट पाहिलं होतं का? पुढं कितीदा तरी तिनं हा प्रश्न स्वतःला विचारला. पाहिलं होतं. पाय चिखलानं भरलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत, केसांना तेल नाही, बोलताना नजर खाली. तेवढं पाहिलं आणि मनानं निकाल देऊन टाकला. ही मास्क कानाला लावेल आणि घटकेत गळ्यात ओढेल. ही भिंतीला थुंकेल. हिला काय समजणार. हे सगळं शब्दांत आलंही नव्हतं, इतकं ते चटकन होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरालालशेठचा नातू आला. हिरालालशेठ म्हणजे बाजार ओळीतले किराण्याचे ठोक व्यापारी. नातवाचं नाव सूरज. त्याला ताप होता, खोकला होता, पण श्वास ठीक चालला होता. सोबत आई अंजू, लाल काठाची साडी, तोंडाला आधीच मास्क लावलेला.

"सिस्टर, मेरे बिना ये खाता नहीं," ती म्हणाली आणि लगेच मराठीवर आली. "मला राहू द्या ना याच्याजवळ. तुम्ही सांगाल ते सगळं करीन. मी बाहेर कुणाला भेटणार नाही."

हिरालालशेठ मागं उभे होते. ते एक शब्दही बोलले नाहीत. कुणाचा फोन आला नाही, कुणी चिठ्ठी आणली नाही. नलूनं अंजूकडे पाहिलं, तिची स्वच्छ नखं पाहिली आणि म्हणाली, "हा गाऊन घाला. हात इथं धुवा, साबण लावून. मास्क भिजला की माझ्याकडून दुसरा घ्या."

दार उघडलं तेव्हा बाहेर कडुलिंबाखाली रुखमा बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं. नलूला ते दिसलं आणि तिनं दार जरा घाईनंच ओढून घेतलं.

वॉर्डात चंचलचं रडणं थांबत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला जितकी शांत ठेवाल तितकं बरं, रडण्यात हिचा श्वास खर्ची पडतोय. सांगणं सोपं होतं. पोरगी ऑक्सिजनचा मास्क ओढून काढी. लावला की काढी, लावला की काढी. मास्क लावलेल्या, गाऊन घातलेल्या, नुसते डोळे दिसणाऱ्या बायका जवळ आल्या की आणखीच बिथरे. "याया, याया" म्हणून हाका मारी. ती आईला बोलावते आहे हे सगळ्यांना कळत होतं. बाकीचं काही कळत नव्हतं. श्वासाचा वेग एवढा होता की तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं. सलाईन चालूच होतं.

डॉक्टरांनी नागपूरला फोन लावून पाहिले. तिथं मुलांसाठी एकही खाट रिकामी नव्हती. "वाट बघू," ते म्हणाले. "पण मास्क राहिला पाहिजे, सिस्टर. काहीही करा."

आणि नलूनं ते केलं. गॉजच्या पट्ट्या घेतल्या, पोरीच्या मनगटांना सैलसर गुंडाळल्या आणि खाटेच्या दांडीला बांधल्या. हे काही नवीन नव्हतं. सलाईन उपटणाऱ्या मुलांना असं बांधतात, तिनं आधीही बांधलं होतं. पण तेव्हा आई उशाशी असायची, पोराच्या तोंडावरून हात फिरवत. इथं खाटेजवळ कुणी नव्हतं. पोरगी काही वेळ ओढत राहिली, मग ओढायची थांबली. मास्क जागेवर राहिला. डॉक्टर येऊन म्हणाले, "गुड."

कडुलिंबाकडच्या भिंतीला एक खिडकी होती. रुखमा कधीतरी तिथं येऊन उभी राहिली. पायाखाली दगड घेतला असावा, कारण तिचं कपाळ आणि डोळे दिसत होते. पोरीनं तिला पाहिलं आणि पुन्हा सगळं अंग ताणून उठायला लागली. मास्क सरकला. नलू गेली आणि खिडकी लावून घेतली. काचेला जुना रंग फासलेला होता, त्यातून काही दिसत नसे. कडी लावताना पलीकडून रुखमाचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. आपल्या भाषेत, पोरीला ऐकू जाईल असं काहीतरी समजावत होती. खिडकी लागल्यावर तो आवाज बंद झाला.

संध्याकाळी अंजू नलूजवळ आली. तिचा सूरज उठून बसला होता, चमच्यानं पेज पीत होता.

"सिस्टर, त्या पोरीची आई नाही का?"

"आहे. बाहेर आहे."

"मग तिला आत का नाही घेत?"

"सगळ्यांना नाही घेता येत. समजदार असावं लागतं माणूस. नाहीतर रोग पसरतो."

अंजूनं सूरजच्या खाटेकडे पाहिलं. "मलासुद्धा काय समजत होतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं, मी केलं." मग, आपण जास्त बोललो असं वाटून, "ती सारखं काहीतरी मागते आहे हो. मला जवळ जायची भीती वाटते, माझा सूरज आहे. पण ती मागते आहे."

नलूनं थर्मामीटर झटकला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. राग आला होता. परतीच्या एसटीत बसल्यावर राग उतरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. पवनारच्या पुलावर गाडी नेहमीसारखी हळू झाली, खाली धाम नदी गढूळ होऊन वाहत होती आणि नलूच्या मनात आलं, उद्या घ्यावं तिला आत. गेल्या गेल्या घ्यावं. हात कसे धुवायचे ते दाखवू, मास्क देऊ, काय होणार आहे? हे ठरवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की घरी जाऊन तिनं दिपालीशी नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारल्या.

सकाळी दवाखान्यात पाय ठेवते तोच जीप उभी. तहसील कचेरीत बैठक होती, सगळ्या वॉर्डांच्या इन्चार्ज सिस्टरांना बोलावलं होतं. डॉक्टर भोयर म्हणाले, चला लवकर. मुलांची बाजू तोवर मोठ्यांच्या बाजूच्या एका सिस्टरवर सोपवली होती. नलू कडुलिंबापर्यंत गेली. रुखमा तिथंच होती, गुडघ्यांत डोकं घालून. जंगलू चहा आणायला गेला असावा. नलूला वाटलं, आत्ता हिला आत घ्यायचं तर हात धुणं, गाऊन, समजावणं, यात वेळ जाईल. साहेब वाट बघताहेत. आल्यावर निवांत घेऊ.

रुखमानं वर पाहिलं. "कशी हाये माही पोरगी?"

"आहे. औषध चालू आहे. मी येतेच, मग बोलू," नलू म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

बैठकीत मास्क किती, गोळ्या किती, पेपरवाल्यांशी कुणी बोलायचं आणि कुणी बोलायचं नाही, हे चाललं होतं. चहा आला, बिस्किटं आली. नलूचं लक्ष दाराकडे होतं, पण ती उठली नाही. साहेब बोलत असताना उठून जायची तिच्या नोकरीत रीत नव्हती.

ती परत आली तेव्हा दुपार कलली होती. वॉर्डाच्या बाहेर घाईत काढलेल्या चपला विखुरलेल्या होत्या, त्यावरूनच तिला कळलं. आत डॉक्टर पोरीच्या छातीवर वाकलेले होते. शिपायाची हाक ऐकून ते जीपमधून उतरून धावत पुढं आले होते, नलू मागून. थोड्या वेळानं त्यांनी हात काढून घेतले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "मघाशीच गेली असणार," ते म्हणाले. "आपण यायच्या आधीच." अंजू सूरजचं तोंड आपल्या कुशीत दाबून भिंतीकडे वळून बसली होती.

पट्ट्या अजून बांधलेल्याच होत्या.

"आईबापांना बोलवा," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

नलूनं त्यांना लगेच बोलावलं नाही. आधी तिनं कात्री घेतली आणि दोन्ही पट्ट्या कापल्या. त्या गोळा करून कचऱ्याच्या बादलीत, इतर बोळ्यांच्या खाली घातल्या. मनगटांवर वळ उठले होते. सैल बांधल्या होत्या, पण पोरीनं ओढलं होतं. नलूनं अंगठ्यानं ते वळ चोळले, जसे दिपालीच्या लहानपणी लागलेल्या जागी चोळायची. वळ गेले नाहीत. मग तिनं चादर ओढून पोरीचे हात आत घेतले आणि दार उघडलं.

आता रुखमाला आत यायला कुणी मास्क दिला नाही, कुणी हात धुवायला सांगितलं नाही. ती आली आणि खाटेजवळ बसली. रडली नाही. तिनं पहिल्यांदा चादर काढली आणि पोरीचे हात बाहेर घेतले, जिवंत लेकराचे घ्यावे तसे. वळ तिला दिसले. बोट तिनं त्यांवरून एकदा इकडून तिकडं फिरवलं. मग वर पाहिलं. नलू काही बोलेल म्हणून ती थांबली होती.

"काय म्हणे ते?" रुखमानं विचारलं.

"काय?"

"तुमी तिच्यापाशी होते ना. बोलली असन काहीतरी. काय म्हणे माही पोरगी?"

नलूला खोटं बोलता आलं असतं. तुझंच नाव घेत होती, असं सांगितलं असतं तर अर्धं खरंच होतं. पण रुखमा तिच्या तोंडाकडे अशी बघत होती की नलूच्या तोंडून जे ऐकलं होतं तेच निघालं.

"याया म्हणत होती. आणि... एर. एर, एर असं काहीतरी. सारखं म्हणायची. मला कळलं नाही."

रुखमानं डोळे मिटले. दारात उभ्या असलेल्या जंगलूनं तोंड फिरवलं आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला, "पानी मांगत होती."

पाणी द्यायचं नव्हतं, हे खरं. डॉक्टरांनी तसं लिहिलं होतं. पण ओल्या कापसानं ओठ भिजवता आले असते. ते तर नलू कुठल्याही पोराचे भिजवायची, सवयीनं भिजवायची. आई जवळ असती तर तिनं सांगितलं असतं, पाणी मागते आहे. आणि आईनं पोरीलाही सांगितलं असतं, आत्ता नाही, थोड्या वेळानं देतो. तेवढ्यानं पोरगी शांत झाली असती की नसती, कोण जाणे.

साथीच्या रोगाची सूचना होती की प्रेत घरी न्यायचं नाही, उघडायचं नाही, नेऊन लगेच पुरायचं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पोर जंगलूनं हातांवर घेतली. गाडीत बसेपर्यंत ती त्यानं कुणाच्या हाती दिली नाही.

त्या संध्याकाळी नलू डॉक्टर भोयरांकडे गेली. "सर, मी तिच्या आईला आत घेतलं नाही. घेता आलं असतं."

डॉक्टरांनी डोळे चोळले. "सिस्टर, तिचा न्यूमोनिया फार पुढं गेला होता. आई असती तरी कदाचित हेच झालं असतं. नियमच होता तसा."

"नियमात सूट होती, सर. तुम्ही माझ्यावर सोडलं होतं."

डॉक्टरांनी पुढचा केसपेपर ओढून घेतला. घरी मधुकररावांनीही समजूत घातली. तू ड्युटी केलीस, म्हणाले. लोक उद्या हेच म्हणाले असते की रोग पसरवला. नलू ऐकत राहिली. सगळे तिला माफ करायला तयार होते. फक्त ज्यांनी करायचं ते तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मुलांच्या बाजूचं दार सगळ्या आयांसाठी उघडलं. कुणालाही विचारलं नाही. दाराशी बादली, साबण, मास्कचा खोका आणि एक स्टूल. जी येईल तिला ती स्वतः हात धुवायला शिकवी. विटाभट्टीवरची आली, पारध्याची आली, बाजारात भाजी विकणारी आली. एक-दोघींनी मास्क गळ्यात ओढला, त्यांना सांगितलं, त्यांनी वर केला. डॉक्टर राउंडला आले, खाटेखाटेजवळ आया बसलेल्या पाहिल्या आणि म्हणाले, "बरं झालं, रडारड कमी झाली." वरून कुणी विचारलं नाही. कुणी रागावलं नाही. इतकं सोपं होतं ते. नलूला रागावणारं कुणीतरी हवं होतं. हे काम अवघड होतं, धोक्याचं होतं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही आणि ती आतून आणखी खचत गेली.

साथ ओसरली, तरी मुलांचा वॉर्ड त्या बैठ्या इमारतीतच राहिला. हिरालालशेठांनी नातू बरा झाल्याचे पेढे पाठवले. नलूनं ते वॉर्डात वाटले, स्वतः खाल्ले नाहीत.

जानेवारीत पोलिओ डोसची मोहीम आली. धरणाकडच्या गावांना जाणाऱ्या जीपमध्ये नलूनं आपणहून नाव घातलं. वाटेत तिनं बोलायची वाक्यं जुळवून पाहिली. एकही धड जुळत नव्हतं.

रुखमा अंगणात तुरीच्या शेंगा बडवत बसली होती. बाजूला नुकतं चालायला लागलेलं एक पोर होतं, चंचलचा धाकटा भाऊ; दवाखान्याच्या दिवसांत तो आजीपाशी राहिला होता. जीप पाहून तिनं पोराला उचलून मांडीत घेतलं. नलूला तिनं ओळखलं. डोसाची बाटली नलूच्या हातात होती, तरी तिनं सोबतच्या अंगणवाडीच्या बाईकडे पाहून म्हटलं, "तुमी द्या." नलूनं बाटली तिच्या हाती दिली. पोरानं थेंब घेतले, तोंड वाकडं केलं. अंगणवाडीची बाई पुढच्या घराकडे गेली. नलू तिथंच उभी राहिली.

"ती बाई आत होती," रुखमा एकदम म्हणाली. काठी खाली ठेवली नव्हती. "लाल काठाची साडीवाली. मी झाडाखालून पाहो तिले. मले वाटे, तिच्यापाशी पास असन कोनता."

"पास नव्हता."

"मंग?"

"मी घेतलं तिला. तुला नाही घेतलं."

"काऊन?"

नलूनं खाली बघून सांगितलं, "मला वाटलं, तुला समजणार नाही."

"काय समजनार नाई?"

"मास्क कसा लावायचा. हात कसे धुवायचे."

रुखमानं काठीनं शेंगा एका बाजूला सारल्या. "तुमी सांगतलं असतं त समजलं असतं," ती म्हणाली. रागानं नाही, जशी गोष्ट होती तशी सांगितली.

"हो," नलू म्हणाली. "तिचे हातही मीच बांधले होते. तू यायच्या आधी सोडले."

"मले मालूम हाये."

पोरानं शेंग तोंडात घातली होती, ती रुखमानं बोट घालून काढली. नलूला वाटलं आता ही उठेल, आत जाईल, दार लावेल. लावलं असतं तर बरं झालं असतं. पण रुखमा बोलायला लागली. "दिवाळीच्या टायमाले बंडूजीच्या पोरीले हगवन लागली. डोये आत गेलते पोरीचे. कोनी दवाखान्यात नेलं नाई. मीच म्हटलं होतं सगळ्यायले, तथी लेकरू देऊ नका, ते हात बांधते अन् दार लावते."

"मग? काय झालं तिचं?"

"जगली. बुढीनं पेज पाजली, जगली. पन पुढचं जगनच असं नाई ना." ती थांबली. "आता घेता का आत, आमच्यावाल्यायले?"

"सगळ्यांना घेतो."

"मंग तुमीच सांगा लोकायले. माह्याच्यानं नाई होत."

नलूनं क्षमेचा शब्द काढला नाही. तो इथं मागणं म्हणजे या बाईकडून आणखी एक काहीतरी घेऊन जाणं झालं असतं, असं तिला वाटलं. ती वळली आणि पहिल्या घरी गेली. तिथून दुसऱ्या. प्रत्येक उंबऱ्यापाशी उभं राहून तिनं तेच सांगितलं: दवाखान्यात आईला आत घेतात, लेकराजवळ बसू देतात, मी आहे तिथं, माझं नाव सांगा. बायका ऐकत, मान हलवत. लोक तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघत होते. रामाजी नावाचा एक म्हातारा उन्हात बसला होता. तो म्हणाला, "तुमी असान तवा घेतीन. तुमी नसान तवा?" जीपवाला हॉर्न वाजवत होता, ती तरी शेवटच्या घरापर्यंत गेली.

उन्हाळा लागला तेव्हा त्या टोलीवरची एक बाई पोराला घेऊन आली. पोर तापानं फणफणलेलं. ओपीडीतून त्याला वॉर्डात पाठवलं. शिपायानं पोर आत आणलं. बाई आलीच नाही. नलू बाहेर जाऊन बघते तर ती कडुलिंबाखाली जमिनीवर बसलेली, पिशवी पोटाशी धरून.

"अगं, इथं काय बसलीस? आत चल."

"नाई जी. इथीच बरं हाये. आमाले आत घेत नाई म्हनते."

"घेतात. चल."

बाई उठेना. नलूनं तिच्याजवळ उकिडवं बसून पुन्हा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. शेवटी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि दारापर्यंत आणलं. बाईनं चपला काढून हातात घेतल्या. नलूनं त्या तिच्या हातातून घेऊन बाहेर ठेवल्या, तिचे हात धुतले, खाटेजवळ स्टूल ओढलं.

"बस."

"डाक्टर बोलतीन."

"नाही बोलणार. बस तू."

बाई उभीच राहिली. एक हात पोराच्या कपाळावर, दुसऱ्या हातात पिशवी. नलू पुढच्या खाटांकडे गेली, सलाईन बदललं, ताप पाहिले. दाराशी पोचल्यावर तिनं वळून बघितलं. बाई स्टुलाच्या अगदी कडेला टेकली होती, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी.